प्रकल्प नोंदी : वाशी तालुका, ५० मेगावॉट सौर आणि बॅटरी

१८ नोव्हेंबर २०२४

आजपासून या प्रकल्पाची वेगळी वही.

जागा धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात, बालाघाटाच्या पठारावर. सौर ५० मेगावॉट, म्हणजे एका वेळी बाहेर जाईल ती कमाल वीज. पॅनेलची बेरीज मात्र ७०. सोबत २५ मेगावॉटची बॅटरी, दोन तास चालणारी. वीज घेणार जालन्याचे लोखंडवाले. जोडणी महापारेषणच्या १३२ केव्ही उपकेंद्रात.

कंपनीनं आजवर केलं ते सगळं लहान. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतले दोन, तीन, पाच मेगावॉटचे तुकडे, गावच्या ३३/११ केव्ही उपकेंद्राला जोडलेले. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प आपल्याच मराठवाड्यात झाला, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात, ३ मेगावॉटचा. त्या कामात आम्ही पॅनेल लावायला शिकलो असं म्हणण्यापेक्षा गाव वाचायला शिकलो. पॅनेल कुणीही लावतं.

मुंबईच्या सादरीकरणात आता आपल्या नावापुढे ‘पाइपलाइन’ म्हणून भला मोठा आकडा असतो. मी या वहीत चार रकाने आखलेत : काम मिळालं, वीजखरेदीचा करार झाला, जमीन नोंदली, वीज निघाली. शेवटच्या रकान्यातला आकडा तेवढा खरा.

परवा मतदान. तहसील कार्यालयात खुर्च्या आहेत, माणसं निवडणूक ड्युटीवर. सातबारा मोबाइलवर निघतो, फेरफार मंजूर करायला माणूस लागतं.

५ डिसेंबर २०२४

जमीन. अडीचशे एकरांच्या आसपास लागेल आणि ती सलग हवी. खरी मेख ‘सलग’मध्ये आहे.

भाड्याच्या आकड्यावर घासाघीस फारशी नाही. सरकारी योजनेनं हेक्टरी वर्षाला १,२५,००० आणि दरसाल ३ टक्के वाढ जाहीर केल्यापासून तो दर पारावर बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. त्याखाली बोलायचं नाही, वर किती एवढाच प्रश्न. कोरडवाहू माळाला हा पैसा वाईट नाही. सोयाबीनचे अलीकडचे भाव पाहिले तर बरा आहे.

वेळ खातो तो कागद. इथला महसुली इतिहास निजामाच्या राज्यातून आलेला. १९४८ साली राज्य गेलं, नोंदींची वळणं राहिली. एकेका गटाच्या मुळाशी जायचं तर १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे जावं लागतं. हैदराबाद कूळ कायद्याखालची नोंद, देवस्थानाची इनाम जमीन, मदतमाश (उदरनिर्वाहासाठी दिलेलं इनाम), वर्ग दोनचा शिक्का (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर नाही). यातलं काहीही सातबाराच्या इतर हक्कात दिसलं की बँकेचा वकील पेन खाली ठेवतो. आमच्या यादीतले काही गट त्यामुळेच सोडून दिले. नकाशात मधे दात पडल्यासारख्या फटी आल्यात.

गावात पहिला प्रश्न आला तो असा : “पवनचक्कीवाल्यांनी बी असंच गोड सांगितलं व्हतं. तुमी त्यांचेच का दुसरे?” आम्ही दुसरे. पण दलालांच्या हातून जमिनी घेण्याची जी रीत या पट्ट्यात पडली आहे, तिचं ओझं आमच्याही डोक्यावर आहे. म्हणून ठरवलं : दलाल नाही, करार मराठीत, आणि सही करण्याआधी तो गावातल्याच शिकलेल्या पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यायचा.

३० डिसेंबर २०२४

वेळा अमावस्या. आज साइटवर काम नाही, असं पुण्याहून आलेल्या सर्वेक्षकाला समजावताना नाकी नऊ आले. इथं आज गाव रिकामं आणि शिवार भरलेलं. प्रत्येक शेतात कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, मडकंभर आंबील. आम्हाला इतक्या ठिकाणी जेवायला बोलावलं की दुपारनंतर चालणं कठीण झालं.

पण आमच्या जमीन अधिकाऱ्यानं (तो लातूरचा, त्याला हे उमगणारच) आजचा दिवस बरोबर हेरला होता. एरवी वारसांपैकी एक पुण्यात, एक हडपसरला कंपनीत, बहीण बार्शीला दिलेली. आज सगळे एकाच कोपीत. कोणावरही सहीसाठी जोर नाही; त्यानं फक्त नकाशा अंथरला आणि कोणाचा बांध कुठं हे त्यांच्याकडूनच आखून घेतलं. पोटहिश्शांचे जे वाद मोजणी खात्याच्या तारखेची वाट पाहत होते, त्यातले बरेच आंबिलीवर मिटले.

एक अट लेखी घेतली. एका आबांनी सांगितलं, “जमीन जाऊ द्या भाड्यानं, पर बांधावरचा आंबा तोडायचा न्हाई.” मान्य.

२४ जानेवारी २०२५

कर्ज देणाऱ्यांकडून प्रश्नांची मोठी यादी. कारण उघड आहे : १६ तारखेला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंगच्या बॅटरी केंद्राला आग लागली, आणि तिची चित्रं सगळ्यांनी पाहिली.

उत्तर लिहून पाठवलं. तिथं सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचे आणि एका इमारतीत शेजारीशेजारी भरलेले. आपले लिथियम आयर्न फॉस्फेटचे. ते बेकाबू व्हायला जास्त तापमान लागतं आणि पेटले तरी उष्णता कमी बाहेर टाकतात. शिवाय प्रत्येक कंटेनर उघड्यावर, सुटा. तरी ‘पेटतच नाही’ असं मी लिहिलेलं नाही. खराब सेलमधून ज्वलनशील वायू निघतो, तो बंद डब्यात साठला तर स्फोट होतो. म्हणून वायू ओळखणारी यंत्रणा, हवा बाहेर फेकणारे पंखे आणि छताला दाब सोडणारी झाकणं, ही तिन्ही खरेदीच्या अटीत घातली.

कंटेनरमधलं अंतर वाढवा असा आग्रह मी धरला तेव्हा खरेदी विभागाला केबलचा खर्च दिसला. इथं तेरखेडा हाकेच्या अंतरावर आहे. फटाक्यांचं गाव. दारूकामाच्या खोल्या एकमेकींपासून लांब का बांधतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. अंतर वाढवून मिळालं.

१० मार्च २०२५

केंद्रीय विद्युत प्राधिकरणानं फेब्रुवारीत सूचना काढली : यापुढच्या सौर निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के आणि दोन तासांची साठवण जागेवरच असावी. आपण ५० टक्के घेतोय. कार्यालयात त्यावर बरीच खुशी झाली. मी खुश नाही. आपल्याला सूचनेमुळे नव्हे, गिऱ्हाइकामुळे बॅटरी लागते.

गणित असं. जालन्याच्या भट्ट्या रात्री बंद होत नाहीत. ते समूह कॅप्टिव्ह पद्धतीनं येताहेत : २००५ च्या विद्युत नियमांप्रमाणे प्रकल्प कंपनीत किमान २६ टक्के भागभांडवल त्यांचं आणि तयार विजेपैकी किमान ५१ टक्के वापर त्यांचा. दुपारची वीज त्यांना चारी बाजूंनी मिळू लागलीय. सूर्य कलल्यावर देणारा कोण, हे ते विचारतात.

इथं धंद्याचा पोतच बदलतो. नुसतं पॅनेल लावणाऱ्याला ‘ऊन पडलं तर वीज, नाही तर नाही’ असं म्हणता येतं आणि त्याला कोणी दोष देत नाही. बॅटरी लावली की तासाचा शब्द द्यावा लागतो. २०२२ साली पहिली मोठी बॅटरी निविदा मेगावॉटमागे महिन्याला १०.८४ लाख रुपयांना गेली होती; आता दोन-सव्वादोन लाखांच्या बोली लागतात. आपल्यासारख्या मध्यम कंपनीला हा शब्द देणं परवडू लागलं ते या घसरणीमुळे. आपण अचानक शहाणे झालो, असं काही नाही.

२५ मार्च २०२५

एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकामागोमाग जोडलेल्या माळेत, पॅनेल किती, यावर दिवसभर काथ्याकूट. पॅनेल ५८० वॉटचं, उघड्या टोकांवर साडेएकावन्न व्होल्ट देणारं. सगळी यंत्रणा १५०० व्होल्टची. २८ लावली तर चौदाशे बेचाळीस होतात, म्हणजे बसतात. पण थंडीत व्होल्टेज चढतं, दर अंशाला पाव टक्का. परभणीला कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली गेलेला आहे, आणि आपलं पठारही उघडं आहे. ५ अंशांना २८ पॅनेल १५०० ओलांडतात. २७ घेतली.

गंमत म्हणजे मराठवाड्यातल्या सौर प्रकल्पाचा सांगाडा डिसेंबरची पहाट ठरवते आणि उत्पन्न मे महिना खातो. पॅनेलची पाटी २५ अंशांवर लिहिलेली असते. मे महिन्यात दुपारी काच ६५ अंशांवर जाते आणि बारा टक्के वीज तिथंच जिरते. कडक ऊन म्हणजे जास्त वीज, हा समज मुंबईतल्या संचालकांचाही आहे.

१६ एप्रिल २०२५

पॅनेलचा सांगाडा पेलणारे खुंट ओढून पाहायची चाचणी. माळाच्या बाजूला हातभर मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. तिथं ड्रिल लागतं, पण एकदा बसलेला खुंट हलत नाही. ओढ्याकडच्या बाजूला काळी माती कमरेच्या वर. आत्ता तिच्यात मनगट जाईल एवढ्या भेगा आहेत, पावसात हीच फुगून खुंट वर ढकलते. त्या भागात खुंटाची लांबी वाढवून खालच्या मुरमात रुतवायचा आणि भोवती काँक्रीट, असं ठरलं. खर्च वाढला. नाइलाज.

२८ मे २०२५

मे महिन्यात चिखल. परवा मुंबईत मोसमी पाऊस दाखल झाला, गेल्या पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर नाही. इथं तर त्याआधीपासून अवकाळी झोडपतोय. खुंट ठोकणारी यंत्रं काळ्या रानात रुतली आहेत. माळावरचं काम पुढे ओढलं.

३ जुलै २०२५

दोन गोष्टी.

पहिली : नव्या दरपत्रकानुसार १ जुलैपासून कारखान्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वीज स्वस्त आणि ५ ते रात्री १२ महाग. पूर्वी रात्र स्वस्त असायची, उलटं झालं. जालन्याहून लगेच फोन, “बॅटरी मोठी करता येईल का?” आत्ता नाही, पण बॅटरीच्या ओट्याशेजारची जागा मोकळी ठेवतोय.

दुसरी : आंतरराज्य पारेषण शुल्काची पूर्ण माफी ३० जूनला संपली. आपला प्रकल्प राज्यातल्या राज्यात, आपल्याला तिचा संबंध नाही. तरी झळ बसली, कारण मुदत गाठायला गुजरात-राजस्थानात जी धावपळ झाली तिनं क्रेन, टेस्टिंगची पथकं, ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यातली पाळी, सगळं ओढून नेलं. आपला ट्रान्सफॉर्मर अजून कारखान्यातच.

१९ ऑगस्ट २०२५

उपकेंद्रापर्यंतची लाईन अडली. प्रकल्पाच्या कुंपणातली जमीन भाड्यानं असते, मालक खुश असतो. कुंपणाबाहेरच्या मनोऱ्याचा शेतकरी खुश कसा असेल? त्याला भाडं नाही, वीज नाही, वर तारा. केंद्राच्या जून २०२४ च्या सूचनांत मनोऱ्याच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदला आहे. पण किंमत कुठली? रेडीरेकनरची की बाजारातली? सगळं भांडण त्या एका शब्दावर.

तीन मनोरे उरलेत. उभं सोयाबीन आहे, काढणी होईपर्यंत पाय ठेवायचा नाही, असं आम्हीच कबूल केलं. वेळापत्रकाला फटका बसेल. मुंबईहून ‘प्रशासनाची मदत घ्या’ असा निरोप आला, म्हणजे पोलीस बंदोबस्त. नको. पंचवीस वर्षं याच रस्त्यानं जायचंय.

२३ सप्टेंबर २०२५

सीना, मांजरा, तेरणा, सगळ्यांना पूर. भूम-परांड्यात लोकांना हेलिकॉप्टरनं काढलं. आपलं पठार उंचावर म्हणून पाणी साचलं नाही, पण ओढ्याकडचं कुंपण आणि आतला रस्ता वाहून गेला. खुंट एकही उखडला नाही.

ज्या सोयाबीनसाठी लाईन थांबवली होती ते शेतातच कुजलं. काही ठिकाणी तर मातीही गेलीय. कामगारांच्या छावणीतलं धान्य आणि जनरेटर खालच्या वस्तीला दिला. आजच्या नोंदीत कामाची प्रगती शून्य.

याच दोन दिवसांत सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला (२२ तारखेपासून). लेखा विभागाचे अभिनंदनाचे मेल येताहेत. उत्तर नंतर देतो.

३ ऑक्टोबर २०२५

कंटेनर न्हावा शेव्याला उतरलेत. एकेक चाळीस टनांच्या वर, लो-बेड ट्रेलरवरून येणार. रस्ता पुणे, टेंभुर्णी, बार्शी, येरमाळा. पुरानं खचलेले पूल आधी तपासून घ्यायला सांगितलं. त्यात कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ, जड वाहनं वळवलेली. आठवडाभर थांबू. भवानीच्या वाटेवर ट्रेलर घालणारा ड्रायव्हर मिळायचाही नाही.

१२ नोव्हेंबर २०२५

सगळे बारा कंटेनर ओट्यावर.

गावातली पोरं बघायला येतात, म्हणून आत काय आहे ते इथं लिहून ठेवतो. फलकावर हेच लावायचंय. एक सेल ३.२ व्होल्ट, ३१४ अँपिअर-तास. म्हणजे त्यात जवळजवळ एक युनिट वीज मावते. असे ४१६ सेल एका रॅकमध्ये, बारा रॅक एका कंटेनरमध्ये. एका कंटेनरात पाच हजार युनिट. बारा मिळून साठ हजार. द्यायचे आहेत पन्नास हजार; वरचे दहा कशाला, असं सरपंचांनी बरोबर विचारलं. थोडी वीज ये-जा करताना तापून जाते, थोडी सेल थंड ठेवायला लागते, आणि सेल दरवर्षी थोडे म्हातारे होतात. शब्द पाळायचा तर पोतं शिगोशीग भरूनच न्यावं लागतं.

थंड ठेवायला ग्लायकोल मिसळलेलं पाणी बंद नळ्यांतून फिरतं, ते रोज लागत नाही. हे मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहायचं. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचं औष्णिक केंद्र बंद पडलेलं आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं लोक विसरलेले नाहीत. ‘तुमचा प्रकल्प पाणी किती पितो’ हा इथं विजेच्या दराआधीचा प्रश्न. पॅनेलही ब्रशवाले रोबो कोरडेच पुसतील. मळणीचा भुसा निघतो. जाळलेल्या पाचटाची काजळी मात्र चिकटते, तिला वर्षातून एकदोनदा पाणी मारावंच लागेल.

२७ नोव्हेंबर २०२५

मुंबईत आढावा. कंपनीच्या वाढीचा आलेख उभा दिसतो. माझे चार रकाने दाखवले, ते कोणाला विशेष आवडले नाहीत. पण देशात आज ४० हजार मेगावॉटहून अधिक कामं मिळूनही करारावाचून अडकली आहेत, आणि राजस्थानात तयार प्रकल्पांना लाईन नाही म्हणून दुपारी वीज कापावी लागते. पहिला रकाना भरणं सर्वांत सोपं. पुढच्या वर्षीच्या कामांसाठी मी मागितलं ते एवढंच : निविदा भरण्याआधी उपकेंद्रात बे (लाईन जोडायची मोकळी जागा) आहे का ते बघणारा माणूस आणि आणखी दोन जमीन अधिकारी, मराठवाड्यातलेच. एक मंजूर.

२३ डिसेंबर २०२५

विद्युत निरीक्षकांची पाहणी झाली, परवानगी मिळाली. सकाळी १३२ केव्ही लाईन चार्ज केली. दुपारी ट्रान्सफॉर्मर, रात्रभर बिनभाराचा ठेवणार. गुणगुण नीट आहे. भूमच्या पेढ्यांचे दोन बॉक्स संपले.

८ जानेवारी २०२६

बॅटरीची क्षमता चाचणी. इन्व्हर्टर ६० मेगावॉटचे आहेत आणि बाहेर जाण्याची मर्यादा ५०, त्यामुळे भर दुपारी जे वरचं उतू जातं ते आधी बॅटरीत. सकाळी दहाला भरायला घेतली, तिसऱ्या प्रहरी भरली. सहा वाजता २५ मेगावॉटवर सोडली. आठला मीटर पन्नास हजार युनिटांच्या थोडा पुढे. आत घातलेल्या शंभरामागे शहाऐंशी बाहेर आले. करारात पंच्याऐंशी आहेत. ही जानेवारीतली गोष्ट. मे महिन्यात थंड करण्याचा खर्च वाढेल, तेव्हा पुन्हा मोजायचं.

बांधावरच्या आंब्याच्या सावलीतल्या स्ट्रिंगची वीज दुपारी साडेतीननंतर पडते. तेवढं सोडून दिलंय, तक्त्यात तशी नोंद ठेवली.

१९ जानेवारी २०२६

गिऱ्हाइकांची बैठक जालन्यात. भट्टीवाल्यांना बॅटरी पाच वाजल्यापासून हवी, रोलिंग मिलवाल्यांना सात ते नऊ. दोघांचंही खरं, बॅटरी एकच. शेवटी तोडगा : पूर्ण ताकदीनं दोन तास सोडण्याऐवजी निम्म्या ताकदीनं, साडेबारा मेगावॉटवर, सहा ते दहा. अशानं सेलही कमी तापतात. पाच ते सहा मावळतीच्या पॅनेलवर जेवढं निघेल तेवढं. त्याची हमी नाही, हे इतिवृत्तात लिहून घेतलं.

ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्राला दिवसाचे ९६ कप्पे, दर पंधरा मिनिटांचा आकडा आदल्या दिवशीच द्यावा लागतो. चुकला की दंड. संध्याकाळचे सोळा कप्पे आता पक्के, दुपारचे ढगांवर. देखभाल पथकाकडे वही सोपवतोय, त्यांनी रोज हेच आधी पाहावं. भट्ट्यांची देखभाल असते त्या दिवशीचं वेळापत्रक वेगळं, जालन्याहून गुरुवारी कळवतात.